गड्ड्याच्या पोटाखालची ओल

कुंडी उलटी केली तेव्हा आधी वास आला. २०२२ चा ऑगस्ट, पाऊस चार दिवस उघडलेला, आणि सुरणाचं जे पान दिवाळीपर्यंत छत्रीसारखं उभं राहायला हवं होतं ते आदल्या रात्री देठासकट आडवं झालेलं. देठाचा बुंधा बोटाने दाबला तर पिकल्या केळ्यासारखा दबला. मातीचा गोळा कुंडीचाच आकार घेऊन बाहेर पडला, काळा, चकचकीत, ओल्या साबणासारखा. त्यात सुरी घालून चिरत गेले, पण गड्डा काही सापडेना. राखाडी लगदा आणि त्याभोवतीची तपकिरी साल, एवढंच उरलं होतं. जूनमध्ये लावला तेव्हा सव्वा किलोचा होता.

अण्णा गच्चीच्या दारात उभे होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचं आयुष्य निफाडकडच्या मळ्यात गेलं, गुडघे गेल्यापासून आमच्याकडे इंदिरानगरला असतात. कुंडीतली माती त्यांनीच गावाहून दोन पोती भरून आणवली होती. पोती उतरवताना म्हणाले होते, "आपल्या मळ्यातली आहे. काठी रोवली तरी पालवते." आता ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही. लगदा वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि हात तेलाने चोळून धुतले, तरी दुपारपर्यंत खाजत होते.

मी द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये हिशेब बघते. झाडांचं शिक्षण काही नाही. नाद लागला तो कॅलेडियमच्या तीन कंदांपासून. गुलाबी पानांवर हिरव्या शिरा, बघून वेडच लागलं. मग कळलं की कॅलेडियम, अळू, सुरण, शेवळं, डोंगरातला सापकांदा हे सगळं एकाच कुळातलं. त्यातही सुरण घरात शंभर वेळा चिरलेला, तरी तो जमिनीवर कसा दिसतो ते मी चाळिशीपर्यंत पाहिलं नव्हतं. आपण ज्याचे काप करून तळतो त्याचा एक भाऊबंद सुमात्रा बेटावर वाढतो. ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तो नोंदवला. लंडनच्या क्यू बागेत १८८९ मध्ये त्याला पहिल्यांदा फूल आलं, आणि आजही कुठल्या बागेत तो फुलला की लोक नाक धरून रांगा लावतात. आपल्याकडच्या सुरणालाही तसंच घाण वासाचं फूल येतं. त्यासाठी रांग लावलेली मात्र मी अजून पाहिलेली नाही.

तर त्या वर्षी मी काय केलं होतं? दोन भाग काळी माती, एक भाग शेणखत. कुंडीच्या तळाला फुटक्या कौलांचे तुकडे आणि खडी, कारण सगळेच तसं सांगतात. गड्डा तळापासून तीन बोटांवर ठेवला, म्हटलं वर भरपूर माती मिळाली की जोमाने येईल. जुलैत धो धो पाऊस झाला. गंगेला पूर आला आणि दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं याचे फोटो दिवसभर फोनवर येत राहिले. (बाहेरच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती चढला ते तिच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात.) त्या आठवड्यात माझ्या कुंड्यांच्या भोकांतून पाणी येणंच बंद झालं होतं. वर पाण्याचं तळं साचायचं, मी वाकडी करून ओतून द्यायचे आणि काम झालं असं समजायचे.

सुरणाची दुसरी कुंडी अजून उभी होती. तिचंही पान पिवळं पडायला लागलं होतं, म्हणून जे होईल ते होवो म्हणत तीही उपसली. त्या उपसण्यात मला जे दिसलं ते पुढच्या सगळ्या खटाटोपाचं मूळ आहे, म्हणून नीट सांगते.

गड्डा वरून थोडा खोलगट असतो. त्या खळग्यात डोळा, आणि डोळ्यातून देठ वर गेलेला. माझी समजूत अशी की मुळं खालून फुटत असणार, मुळ्यासारखी, बटाट्यासारखी, कशासारखी तरी. खालून एकही मूळ नव्हतं. सगळी मुळं देठाच्या बुडाभोवतीच्या कड्यातून निघाली होती, जाड, पांढरी, हातवळणीच्या शेवयांसारखी, आणि आडवी पसरून वरच्या चार-पाच इंचांच्या मातीत कुंडीच्या भिंतीपर्यंत पोचली होती. गड्ड्याच्या खालची माती जशी भरली होती तशीच होती, मुळांचा मागमूस नाही. तिथलं पाणी पिणारं कोणीच नव्हतं. त्या न प्यायलेल्या ओलीत गड्डा पोट टेकून दोन महिने बसला होता. पोटाला रुपयाएवढा मऊ डाग पडलेला. तो डाग पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कोरून काढला, चुलीची राख गावाहून आलेली होतीच, ती चोळली आणि गड्डा आठवडाभर सावलीत सुकवला. हा वाचला.

एका संध्याकाळी भांडी घासताना स्पंजने उरलेला धडा शिकवला. नवा, चौकोनी, पिवळा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरला. गळून गळून पाणी थांबलं. मग तोच स्पंज तसाच उभा केला, न दाबता, तर पुन्हा धार लागली. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. म्हणजे कुठल्याही भिजलेल्या वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, आणि त्याची जाडी वस्तू कशाची आहे यावर ठरते. बारीक कणांत जाड थर, भरड कणांत पातळ. काळी माती म्हणजे बारीक कणांची कमाल. पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. मळ्यात ती चालते, कारण तिच्याखाली हातभर खोलवर जमीन आहे, मुरूम आहे, पाण्याला खेचून नेणारं काहीतरी आहे. बारा इंचांच्या कुंडीत तिच्या खाली हवा. आणि तळाला खडी घातल्याने तो ओला थर जात नाही, खडीच्या वर सरकून बसतो, म्हणजे गड्ड्याच्या आणखी जवळ. इतकी वर्षं मी कौलांचे तुकडे फोडत आले होते!

अण्णांना स्पंज दाखवला. त्यांनी स्वतः उभा-आडवा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणून तर आम्ही आलं गादीवाफ्यावर लावतो." गादीवाफा म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा. मग हे जूनमध्ये का नाही सांगितलंत, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या वर्षी मी उलट्या टोकाला गेले. परदेशातले कंद जमवणारे लोक कोकोपीट आणि परलाइट वापरतात, तसं करायचं ठरवलं. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा आणल्या, परलाइटची पिशवी आणली. परलाइट म्हणजे फुलवलेला ज्वालामुखी दगड, वजनाला लाह्यांसारखा, किमतीला बदामासारखा. कॅलेडियमची पानं पंधरा दिवसांत कडेने करपली. ऊन म्हणावं तर शेडनेटखाली होती. पॅकहाउसमधे एका बागाईतदारांना सहज बोलले, ते म्हणाले, "ताई, ईसी बघितला का?" द्राक्षवाले पाण्याचा, खताच्या द्रावणाचा ईसी रोज मोजतात, म्हणजे त्यात क्षार किती विरघळलेत ते. त्यांचा पेनासारखा मीटर दोन दिवस उसना आणला. कोकोपीट भिजवलेलं पाणी गाळून मीटर बुडवला तर आकडा २.४. नारळाच्या काथ्याचा भुसा, खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणांतूनही येतो, त्यात मीठ असायचंच. तीनदा भिजवून पिळून काढल्यावर ०.६ वर आला. कोकोपीटच्या पुड्यावर "धुतलेलं" असं छापलेलं होतं. असो.

धुतल्यावर कॅलेडियम सावरलं, पण सुरणाचं वेगळंच दुखणं. त्याचा देठ कंबरेएवढा उंच झाला, वर तीन फूट घेराचं पान, आणि खाली कापसासारखं हलकं मिश्रण. जुलैत वारा सुटला की कुंडीसकट आडवा. विटा बांधल्या, काठ्या लावल्या, शेवटी सुतळीने कठड्याला बांधून ठेवला, जनावर बांधतात तसा. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. कोकोपीट वरून वाळून भगभगीत दिसायचं म्हणून मी पाणी घालायचे, आणि आत बोट खुपसलं तर चिंब. वरचा रंग बघून आतली ओल कळत नाही ही त्याची सगळ्यात वाईट खोड.

याच वर्षी शेवळं हाती आली. पावसाच्या तोंडावर गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात पेठ-हरसूलकडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं म्हणजे सुरणाच्याच जातकुळीतल्या रानटी झाडाचे पान यायच्या आधी निघणारे फुलोरे. जुड्या बांधलेल्या, शेजारी काकडाची हिरवी आंबट फळं, कारण काकडाशिवाय शेवळं रांधली तर घसा धरतो. या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, खाज आणि घसा धरणं हे त्यांचंच काम. मी मावशींना विचारलं, कांदा मिळेल का?

"कांदा नाही काढत आम्ही, ताई. कांदा काढला तर पुढल्या सालाला काय?"

मला लावायचाय म्हटल्यावर त्या हसल्या. "शेवळं काय कुणी लावतं का? आपली येतात." पण पुढच्या बुधवारी शेताचा बांध फोडताना निघालेले तीन छोटे कांदे फडक्यात बांधून आणले, पैसे घेतले नाहीत, मी दोन जुड्या जास्त घेतल्या. कुठे येतात ही, असं विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही चार्टपेक्षा कामाचं निघालं: "बांधाच्या दगडात. पाला कुजतो तिथं. गाळात नाही येत. गाळात भात येतो."

मला एक गोष्ट सलत होती. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस. इगतपुरीला तीन हजारांच्या वर, पेठ-त्र्यंबक पट्ट्यातही शहराच्या कितीतरी पट. तिथे शेवळं आणि सापकांदा चार महिने भिजतात आणि कुजत नाहीत, माझ्या गच्चीवर सातशेत सुरणाचं पिठलं होतं, हे कसं? म्हणून जुलैतल्या एका रविवारी नवऱ्याला घेऊन पेठ रस्त्याने सावळघाटात गेले. भज्यांचं आमिष दाखवावं लागलं. रस्त्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीखाली शेवळ्याचं पान उभं होतं, देठावर पालीच्या पाठीसारखे ठिपके. झाडाला हात लावला नाही, वीतभर बाजूला बोटांनी उकरून पाहिलं. वर चार बोटं काळपट, भुसभुशीत, कुजलेल्या पाल्याचा थर, त्यात पानांच्या शिरांच्या जाळ्या अजून दिसत होत्या. त्याखाली मुरूम आणि सुपारीएवढे, लिंबाएवढे दगड. दगडांच्या फटींतून पाणी चालताना दिसत होतं, अक्षरशः चालताना. पाऊस कितीही पडो, ते पाणी तिथे थांबतच नाही. मुळांना वरच्या पाल्यात ओल आणि खाणं, कांद्याच्या पोटाखाली दगड आणि उतार. माझ्या कुंडीत मी याच्या नेमकं उलटं रचलं होतं.

(अंजनेरी-त्र्यंबकच्या डोंगरांवर जूनमध्ये सापकांद्याच्या पांढऱ्या फण्या दिसतात. बघा, फोटो काढा, पण उपटून आणू नका. कुंडीत आणून मारण्यापेक्षा तिथेच बरा.)

तिसऱ्या वर्षी, २०२४ च्या एप्रिलमध्ये, मी विकतचं जवळजवळ सगळं बाजूला ठेवलं. आमच्या भागात प्लॉटवर भरावासाठी मुरूम पडलेला असतोच, विचारून चार बादल्या आणला. मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड, पण सगळा मुरूम सारखा नसतो. काही मऊ असतो, वर्षभरात विरघळून त्याचा चिखल होतो, म्हणजे पुन्हा काळी मातीच. म्हणून तो रात्रभर बादलीत भिजवून सकाळी हाताने चोळला. जे विरघळलं ते ओतून दिलं, जे खडखडत राहिलं ते ठेवलं. मग आधी गव्हाच्या चाळणीने, नंतर रव्याच्या चाळणीने चाळलं. गव्हाच्या चाळणीवर राहिलं ते जास्त मोठं, रव्याच्या चाळणीतून गेलं ते जास्त बारीक, मधलं माझं. सासूबाईंची रव्याची चाळणी त्यात कामी आली, तो विषय घरात अजून निघतो.

वीटभट्टीवरून फुटक्या विटांचं पोतं आणलं. बांधकामावरच्या विटा घ्यायच्या नाहीत, त्यांना सिमेंट चिकटलेलं असतं आणि आपलं बोअरचं पाणी आधीच चुन्याकडे झुकलेलं. हातोडीने फोडून हरभऱ्याएवढे तुकडे केले. वीट पाणी पोटात धरते आणि तुकड्यांच्या मधली जागा हवेला मोकळी राहते. घोटीच्या राइस मिलकडून अर्धवट जळालेला भाताचा तूस मिळाला. पाल्याचं खत घरचंच, सोसायटीतल्या बदामाचा आणि आंब्याचा पाला दीड वर्ष पोत्यात ओला करून ठेवलेला.

शेवटी जमलं ते असं: तीन भाग मुरूम, दोन भाग वीट, दोन भाग पाल्याचं खत, एक भाग तूस, एक भाग नदीकाठचा पोयटा आणि एक भाग चांगलं जुनं शेणखत, वास न येणारं. वर मूठभर निंबोळी पेंड. हे प्रमाण माझ्या गच्चीचं आहे. तुमची बाल्कनी सावलीत असेल तर मुरूम वाढवा, दिवसभर तापत असेल तर पाल्याचं खत.

प्रमाण पाठ करण्यापेक्षा एक चाचणी करा, मला ती सगळ्यात उपयोगी पडली. तेलाचा एक लिटरचा कॅन वरून कापला, तळाला चार भोकं पाडून ती चिकटपट्टीने बंद केली. त्यात मिश्रण भरलं, हळूहळू पाणी घालत काठोकाठ भिजवलं, तासभर मुरू दिलं. मग चिकटपट्टी काढून खाली पातेलं ठेवलं आणि दहा मिनिटांत जे गळलं ते औषधाच्या मापाने मोजलं. जेवढं पाणी गळलं तेवढी हवेची जागा. अण्णांची काळी माती: जेमतेम ३० मिली, तेही गढूळ. कोकोपीट-परलाइट: १४०. नवं मिश्रण: २३०. हे आकडे वहीत लिहून अण्णांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "आणि उन्हाळ्यात याला पाणी किती वेळा घालणार?" प्रश्न बरोबर होता. पण उन्हाळ्यात कंद झोपलेला असतो, पाणी घालायचंच नसतं. हे उत्तर देताना मला फार बरं वाटलं.

कुंडीचाही विचार बदलला. मुळं वर आणि आडवी पसरतात, मग खोल कुंडी कशाला? पॅकहाउसमधले तडे गेलेले द्राक्षाचे क्रेट भंगारात जातात. ते आणले. चारी बाजूंनी जाळी, रुंद, फूटभर उंच. आतून शेडनेटचं अस्तर लावलं की मिश्रण गळत नाही आणि हवा चारही बाजूंनी खेळते. गड्डा तळाला न ठेवता मधोमध ठेवला, खाली पाच इंच, वर पाच इंच. अर्ध्या किलोचे काप होते, प्रत्येकात डोळ्याचा तुकडा येईल असे कापलेले, शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवलेले. एक अख्खा गड्डा होता, तो जरा तिरका ठेवला, म्हणजे खळग्यात पाणी साचणार नाही. मेच्या शेवटी, एकही थेंब पडायच्या आधी, कोंब वर आले. कोंब निघताना भाल्याच्या टोकासारखा दिसतो आणि त्या काळात मी ऑफिसमधून आले की पर्स न ठेवता आधी गच्चीवर जाते.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कोणी अळू मुरुमात लावायचं. अळू याच कुळातलं, पण त्याचं सगळंच उलटं. जुन्या घरांत मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू माजायचं, ते उगीच नाही. निफाडच्या काळ्या मातीची उरलेली पोती मी टबात ओतली, टबाची भोकं बुजवली आणि अळकुड्या लावल्या. पानं ताटाएवढी. अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला तो टब आधी दाखवतात.

खाऊपिऊ घालण्यात सुरण हावरट आहे. वर्षाला एक पान, फार तर दोन, त्याच्या जिवावर पूर्ण गड्डा नव्याने बांधायचा. पान जोमात असेपर्यंत पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, पाण्यातून, अगदी पातळ, लिटरला एक ग्रॅम. गणपतीनंतर शून्य-शून्य-पन्नास, म्हणजे तिघांपैकी फक्त पालाश. द्राक्षवाल्यांच्या घरी ही पिशवी मिठासारखी असते, मलाही तशीच मिळाली. कॅलेडियमच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधलं फिकट व्हायला लागलं तेव्हा त्याच बागाईतदारांनी लांबूनच सांगितलं, "फेरस द्या." फेरस म्हणजे लोह. चुनखडीच्या जमिनीत त्यांच्या वेलींचंही असंच होतं. चिलेटेड फेरस एकदा दिलं आणि तेव्हापासून कॅलेडियमला बोअरचं पाणी बंद, पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच देते. शेवळ्याला खत जवळजवळ नाही, पाल्याचा थर पुरतो. उन्हाचं म्हणाल तर सुरणाला सकाळचं पूर्ण ऊन चालतं, पश्चिमेच्या भिंतीचा तडाखा नको. बाकी सगळे ५० टक्के शेडनेटखाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सप्टेंबरमध्ये एका क्रेटमध्ये देठाच्या बुडाशी पांढरे धागे आणि त्यात मोहरीसारखे दाणे दिसले. ही स्क्लेरोशियम बुरशी, सुरणाचा बुडकुजव्या. माझंच चुकलं होतं: शेणखत कमी पडलं म्हणून त्या एका क्रेटमध्ये अर्धं कच्चं घातलं होतं. ते रोप मिश्रणासकट टाकून दिलं. बाकीच्यांत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घातलेलं जुनं खत वरून पसरलं आणि देठाच्या बुडाजवळचा पालापाचोळा बोटभर मागे सारला. शेवळ्याच्या तीनपैकी दोन कांद्यांनी पान काढलं. फुलोरा नाही. एक कांदा कुठे गेला ते कळलंच नाही, मातीतून नाहीसा झाला. उंदराचा संशय आहे.

थंडीचा धडा आधीच्या वर्षीचा. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहापर्यंत घसरतो, बागांत शेकोट्या पेटतात, पेपरात फोटो येतात. मी कॅलेडियमचे कंद बाल्कनीत ओलसर कुंडीतच ठेवले होते. थंडी आणि ओल एकत्र आली की संपलं, फेब्रुवारीत काढले तर पीठ झालेले. आता ऑक्टोबरपासून पाणी तोडत नेते. पान पिवळं पडू लागलं की हिरवं ठेवायचा मोह टाळायचा, त्याला जाऊ द्यायचं, देठ आपोआप गळून पडेपर्यंत हात लावायचा नाही, कारण शेवटच्या दिवसांतही ते वरचं सगळं खाली पाठवत असतं. मग कॅलेडियमचे कंद कोरड्या तुसात, बुटांच्या खोक्यात, स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात. सुरण आणि शेवळं आहे त्या क्रेटमध्येच, पण छपराखाली, पूर्ण कोरडे. डोंगरातही हिवाळ्यात ते कोरड्यातच झोपतात.

डिसेंबरात सुरण उपसायला अण्णा स्टूल टाकून बसले होते. पहिला क्रेट उलटला. मिश्रण ढासळून पडलं, गोळा झाला नाही, हेच मला पुरेसं होतं. आतून गड्डा निघाला, कोरडा, खडबडीत, आणि त्याच्या पोटाला चिकटलेली पातळ, वाळकी साल. ती म्हणजे मी लावलेला जुना काप. जुना कंद स्वतःला खाऊ घालून संपतो आणि नवा त्याच्या डोक्यावर बसतो, हे वाचलं होतं, पण ती कागदासारखी साल हातात चुरगळली तेव्हा पटलं. अर्ध्या किलोचा झाला होता १ किलो ९०० ग्रॅम. दुसरा दीड, तिसरा जरा कमी. अख्खा लावलेला ४ किलो १०० ग्रॅम भरला. तो मी फुलासाठी जपणार होते. संध्याकाळी ऑफिसमधून आले तर सासूबाईंनी चिंच घालून त्याची भाजी टाकलेली, अण्णांच्या सांगण्यावरून. "भाजीच्या वस्तूचं फूल बघून काय करायचं?" अण्णा म्हणाले. घसा अजिबात धरला नाही, हे मान्य करावं लागलं.

आता मार्च आहे. गच्चीवर सहा क्रेट कोरडे ठाक आहेत आणि सातवा अण्णांचा. त्यांनी हट्टाने त्यात निफाडचीच काळी माती भरली आहे, पण या वेळी मधोमध उंच उंचवटा करून, निम्मी वीट मिसळून, आणि गड्डा उंचवट्याच्या माथ्यावर ठेवून. तेलाच्या कॅनमध्ये घालून मोजू का म्हटलं, तर म्हणाले, "मेमध्ये बघू. आणि ऑगस्टात."